तुम्ही विचारलंत म्हणून: बिल वॉल्टन फक्त ४६८ सामनेच का खेळला?

अमेरिकेच्या एनबीए बास्केटबॉल लीगमधल्या बिल वॉल्टनचं नाव निघालं की हा प्रश्न येतोच. एवढा मोठा सेंटर (रिंगजवळ खेळणारा, संघातला बहुधा सर्वांत उंच खेळाडू) होता म्हणता, मग नुसते ४६८ सामने कसे? विचारणाऱ्याच्या मनात उत्तरही बहुतेक तयार असतं: नशीब फुटकं, नाहीतर शरीर नाजूक. मला दोन्ही पटत नाहीत. माझ्या मते उत्तर पायातल्या एका छोट्या हाडात आहे, आणि १९७८ च्या एप्रिलमध्ये ते हाड ओरडत असताना त्याचं तोंड बंद केलं गेलं, त्यात आहे.

आधी हिशेब मांडू. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ नवे खेळाडू निवडतात त्या फेरीत, पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्सनं त्याला पहिल्या क्रमांकावर घेतलं. तिथून बॉस्टन सेल्टिक्सबरोबरच्या १९८७-८८ पर्यंत चौदा मोसम होतात. मोसमाला ८२ सामने धरले तर प्लेऑफ (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) सोडून ११४८. त्यातले तो ४६८ खेळला. १९७८-७९, १९८०-८१, १९८१-८२ आणि १९८७-८८ या चार मोसमांत तो एकदाही मैदानात उतरला नाही. ७० सामन्यांचा आकडा त्यानं आयुष्यात एकदाच ओलांडला, तोही शेवटून तिसऱ्या मोसमात.

"सात फुटी माणसांचे पाय मोडणारच" हेही नेहमी ऐकू येतं. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. माणूस उंच होतो तसं त्याचं वजन घनाच्या हिशेबानं वाढतं आणि हाडाचा छेद वर्गाच्या, म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर जास्त भार येतो. पण मग सेंटरच असलेला करीम अब्दुल-जब्बार १५६० सामने कसा खेळला? दुसरा सेंटर रॉबर्ट पॅरिश १६११ कसा खेळला? दोघंही वॉल्टनपेक्षा उंच. तेव्हा नुसत्या उंचीवर सगळं ढकलता येत नाही. पायाची ठेवण बघावी लागते.

पायाच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या थोडं पुढे, होडीच्या आकाराचं एक हाड असतं. त्याचं नाव नॅव्हिक्युलर. मागून घोट्याचं हाड त्यावर रेलतं आणि पुढून तीन छोटी हाडं त्याला टेकतात. दगडी कमानीच्या माथ्यावर पाचरीसारखा एक दगड बसवतात आणि दोन्ही बाजू त्याच्यावर तोलून राहतात, तेच काम तळपायाच्या कमानीत हे हाड करतं. धावताना, उडी मारताना, चवड्यावर जोर देताना ते पुढच्या-मागच्या हाडांमध्ये चिमटल्यासारखं दाबलं जातं. खरी अडचण रक्ताची आहे. या हाडाला रक्त मिळतं ते कडांकडून. मधल्या तिसऱ्या हिश्शात रक्तवाहिन्या फार थोड्या. आणि दाब सर्वांत जास्त पडतो तो नेमका तिथेच. हाडात बारीक चिरा रोज पडतात आणि रोज भरतात. नॅव्हिक्युलरच्या मध्यभागी पडतात त्याच वेगानं, भरतात मात्र फार सावकाश. चीर वरच्या पृष्ठभागावर सुरू होते आणि थांबवली नाही तर खाली उतरत जाऊन हाडाचे दोन तुकडे करते.

वॉल्टनच्या पायाची कमान फार उंच होती. साधारण कमान पाय टेकताना थोडी दबते, स्प्रिंगसारखा धक्का पिते, मग उठते. उंच कमान ताठ असते. ती दबत नाही, त्यामुळे धक्का तसाच्या तसा हाडांवर जातो. त्यात वॉल्टन ६ फूट ११ इंचांचा, आणि त्याचा सगळा खेळ रिबाऊंडवर, म्हणजे हुकलेल्या शॉटचा उसळलेला चेंडू पकडण्यावर, उभा. म्हणजे उडी, उतरणं, पुन्हा उडी, आणि तेही गर्दीत.

त्याचा खेळ कसा होता ते इथं सांगितलं नाही तर काय हरवलं ते कळणार नाही. रिबाऊंड मिळाल्यावर बहुतेक सेंटर चेंडू छातीशी आणतात, पाय टेकतात, कोपरं बाहेर काढतात आणि मग गार्ड (चेंडू पुढे नेणारा चपळ खेळाडू) कुठे आहे ते शोधतात. तेवढ्यात समोरचा संघ परतलेला असतो. चेंडू कमरेपर्यंत खाली आला तर एखादा बुटका गार्ड तो अलगद उडवूनही नेतो. वॉल्टन चेंडू डोक्याच्या वरच दोन्ही हातांत ठेवायचा. हवेत असतानाच खांदे बाजूच्या रेषेकडे वळवायचा आणि कित्येकदा पाय जमिनीला लागायच्या आत पास सुटलेला असायचा. त्याच्या संघाचा गार्ड लायोनेल हॉलिन्स किंवा जॉनी डेव्हिस तोवर धावायला लागलेला असायचा. हा पास धावणाऱ्याच्या पुढ्यात पडायला हवा; तो मागे पडला, गार्डला थांबून वळावं लागलं, की फास्ट ब्रेक (समोरचा संघ परतायच्या आत केलेला झटपट हल्ला) तिथंच मेला. वॉल्टनचा पास मागे पडलेला क्वचितच दिसतो. दुसऱ्या टोकाला तो फ्री थ्रो रेषेच्या कोपऱ्यावर उभा राहायचा, पुन्हा चेंडू डोक्यावर, आणि संघातला बॉब ग्रॉस बचाव करणाऱ्याच्या पाठीमागून रिंगकडे शिरला की चेंडू त्याच्या हातात. प्रशिक्षक जॅक रॅमसेनं अख्खा संघ या हातांभोवती बांधला होता.

१९७६-७७ मध्ये वॉल्टन ६५ सामने खेळला आणि सामन्यामागे १४.४ रिबाऊंड आणि ३.२ ब्लॉक (अडवलेले शॉट) अशा दोन्ही बाबतींत लीगमध्ये पहिला आला. प्लेऑफमध्ये करीमच्या लेकर्स संघाला पोर्टलंडनं ४-० असं धुतलं. अंतिम फेरीत फिलाडेल्फियाविरुद्ध पहिले दोन सामने हरून पुढचे चारही जिंकले. सहाव्या सामन्यात वॉल्टनचे २० गुण, २३ रिबाऊंड, ७ असिस्ट (बास्केट होणारे पास), ८ ब्लॉक. पुढच्या मोसमात संघ त्याहून भारी निघाला. फेब्रुवारी १९७८ संपताना ५० विजय, १० पराभव.

आणि तिथं पाय गेला. ५८ सामने खेळून वॉल्टन बाहेर बसला. मोसमाचा चौथ्या हिश्शाहून जास्त भाग हुकूनही सर्वोत्तम खेळाडूचा किताब त्यालाच मिळाला, यावरून बाकीचे ५८ कसे असतील ते बघा. एप्रिलमध्ये सिअ‍ॅटलविरुद्ध प्लेऑफ सुरू झाले. त्यानं परत यावं असं सगळ्यांनाच वाटत होतं, त्यालाही. तो आला, पाय दुखत होता, वेदना मारणारं इंजेक्शन घेऊन दुसरा सामना खेळला. त्यानंतरच्या एक्स-रेमध्ये दिसलं की डाव्या पायाचं नॅव्हिक्युलर तुटलं आहे. पोर्टलंड ती मालिका सहा सामन्यांत हरलं. वॉल्टननं संघातल्या वैद्यकीय वागणुकीवर जाहीर आक्षेप घेतले, दुसरीकडे पाठवा म्हणून मागणी केली, आणि पुढचा अख्खा मोसम खेळला नाही.

इंजेक्शननं हाड तुटत नाही, असं इथं कुणीतरी म्हणतंच. बरोबर आहे. इंजेक्शन फक्त संवेदना घालवतं. पण चिरलेल्या हाडाला वाचवणारी एकच गोष्ट असते: दुखलं की माणूस आपोआप लंगडतो, भार दुसऱ्या पायावर टाकतो, उडी कमी मारतो. ती संवेदना गेली की माणूस निरोगी पायासारखा उडी मारतो आणि चीर आरपार जाते. हाडाच्या मधोमध रक्त कमी असल्यामुळे एकदा आरपार गेलेली चीर जुळायला फार त्रास देते.

ही दुखापत फसवीही आहे. दुखतं ते पायाच्या वरच्या बाजूला किंवा कमानीच्या आतल्या अंगाला, मोघम, बोट ठेवून दाखवता येणार नाही असं. चार दिवस विश्रांती घेतली की थांबतं. माणसाला वाटतं बरं झालं. पायाच्या वर, घोट्याच्या पुढे, नाण्याएवढ्या जागेवर अंगठ्यानं दाबलं आणि कळ आली तर संशय घ्यायचा. साध्या एक्स-रेमध्ये ही चीर सुरुवातीला सहसा दिसतच नाही. आज एमआरआय किंवा सीटी स्कॅन करतात, १९७८ मध्ये पायासाठी ती सोय जवळपास नव्हतीच. हाडाचे तुकडे सरकलेले नसतील तर उपाय कंटाळवाणा पण चांगला आहे. सहा ते आठ आठवडे प्लास्टर, कुबड्या, आणि त्या पायावर किंचितही भार नाही. "थोडं थोडं चाललं तर चालेल" असं म्हणून केलेली विश्रांती इथं फसते. प्लास्टर काढल्यावर तीच जागा पुन्हा दाबून बघायची. दुखली तर आणखी दोन आठवडे प्लास्टर. मग चालणं, मग सावकाश धावणं, शेवटी उड्या. पूर्ण खेळायला सहज पाच-सहा महिने जातात. हाड सरकलं असेल तर स्क्रू घालावे लागतात, कधी दुसरीकडचं हाड आणून भरावं लागतं. पण उंच कमान तशीच राहिली तर जुळलेल्या हाडावर पुन्हा तोच भार येतो.

वॉल्टनच्या बाबतीत हेच झालं. सॅन डिएगो क्लिपर्सकडे गेला, १९७९-८० मध्ये १४ सामने खेळला आणि त्याच पायानं पुन्हा दगा दिला. त्यानंतर पायाची कमान उतरवण्याची मोठी शस्त्रक्रिया झाली, तेव्हा कुठे सामने ३३, ५५, ६७ असे वाढत गेले. हीच शस्त्रक्रिया आधी झाली असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही.

कारण झायड्रुनास इल्गाउस्कसचं उदाहरण समोर आहे. ७ फूट ३ इंच, क्लीव्हलँडचा सेंटर. १९९८-९९ मध्ये ५ सामने, पुढच्या मोसमात शून्य, त्यापुढच्यात २४. सगळ्यांनी त्याला संपलेला धरलं होतं. २००१ मध्ये डाव्या पायाची रचना बदलणारी शस्त्रक्रिया झाली आणि हा माणूस पुढे दहा मोसम खेळला, दोनदा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा सामना) साठी निवडला गेला, कारकिर्दीत ८४३ सामने झाले.

चिनी सेंटर याओ मिंगला मात्र तेवढं मिळालं नाही. ७ फूट ६ इंच, वजन १४० किलोच्या आसपास. पहिल्या तीन मोसमांत २४६ पैकी २४४ सामने खेळला, आणि उन्हाळ्यात चीनच्या संघाकडूनही. इतर खेळाडूंची हाडं ज्या महिन्यांत भरून येतात ते महिने त्याला मिळालेच नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये डाव्या पायाला स्ट्रेस फ्रॅक्चर (सततच्या भारानं हाडाला पडलेली चीर), ऑगस्टमध्ये बीजिंग ऑलिम्पिक, मे २००९ मध्ये लेकर्सविरुद्ध पुन्हा डाव्याच पायाला हेअरलाइन फ्रॅक्चर. हाड भरून कमान उतरवण्याची शस्त्रक्रिया जुलै २००९ मध्ये झाली. त्यानंतर पाच सामने, मग डाव्या घोट्याला स्ट्रेस फ्रॅक्चर, आणि २०११ च्या जुलैत निवृत्ती. एकूण ४८६. वॉल्टनपेक्षा १८ जास्त.

वॉल्टनचा तो ८० सामन्यांचा मोसम म्हणजे बॉस्टनचा १९८५-८६. पहिल्या पाचात पॅरिश होता, वॉल्टन बाकावरून यायचा, सामन्यामागे जेमतेम १९ मिनिटं. पाय टिकला तो यामुळेच, असं मला वाटतं. संघानं ६७ सामने जिंकले, घरच्या मैदानावर मोसमभरात एकच हरला आणि विजेतेपद घेतलं. वॉल्टनला सिक्स्थ मॅनचा, म्हणजे बाकावरून येणाऱ्या सर्वोत्तम खेळाडूचा, किताब मिळाला. पुढच्या मोसमात १० सामने, आणि संपलं.

म्हणून बघायचंच असेल तर ५ जून १९७७ चा सहावा सामना आणि १९८६ चा कुठलाही एक सामना, असे दोन पाठोपाठ बघा. दुसऱ्यात तो तेहतीस वर्षांचा आहे, उडी निम्मी राहिली आहे, म्हणून शॉट सुटायच्या आधीच जागा धरून उभा राहतो. बॉस्टनचाच लॅरी बर्ड त्याच्या अगदी अंगाला घासून रिंगकडे शिरतो तेव्हा डोळे बर्डवर ठेवू नका. वॉल्टनच्या हातांवर ठेवा, आणि चेंडू एकदा तरी कमरेखाली येतो का ते मोजा.