काळीत रुतलेली ग्रॅव्हल बाईक आणि माळावरची वाट

ग्रॅव्हल बाईक बघितली की लोक विचारतात ही रेसची सायकल आहे का डोंगरातली. हँडल रेसच्या सायकलचं असतं खाली वळलेलं, टायर मात्र ४० मिलिमीटरचे जाड, आणि हवा मुद्दाम कमी ठेवायची, म्हणजे खडीवरून जाताना हात बधिर होत नाहीत. माझं संभाजीनगरात सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, पण दिवाळीनंतर थंडी पडली की बाहेरगावच्या रायडर लोकांना घेऊन आडवाटेनं फिरवणं हे पण माझं काम. आणि मी सगळ्यांना सांगतो, या सायकलला मराठवाड्यासारखी जागा नाही. आपल्याकडं गावागावाला जोडणारे मुरमाचे रस्ते आहेत, शेतात जाणाऱ्या पाणंदी आहेत, गाडी नाही हॉर्न नाही. लोक वेरूळ बघायला हायवेनं येतात आणि हायवेनंच परत जातात, मला खरंच वाईट वाटतं.

एका नोव्हेंबरात पाच जण होते, तिघं पुण्याचे, एक बँकेतून रिटायर झालेले काका नांदेडचे, आणि लातूरच्या एक डॉक्टर मॅडम. पहिला दिवस मस्त गेला. पहाटे निघून दौलताबाद, तिथं भर रस्त्यावरच जुन्या तटबंदीचा दरवाजा आहे, सगळी वाहतूक त्याच्यातून जाते म्हणून उजाडायच्या आत पार केलेला बरा. मग घाट चढून खुलताबाद. औरंगजेबाची कबर सगळ्यांना माहीत असते, पण मलिक अंबर पण इथंच आहे हे कुणाला माहीत नसतं. ज्या माणसानं १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आपलं आजचं शहर, आणि नहरीनं शहरात पाणी आणलं, त्याच्या कबरीपाशी आम्ही गेलो तेव्हा आमच्याशिवाय कुणीच नव्हतं. काका बराच वेळ तिथंच उभे होते. पुढं सुलीभंजनच्या बाजूनं जाऊन वेरूळ, आणि संध्याकाळी कन्नड मुक्काम. अद्रकीची शेतं, मक्याची कणसं वाळत घातलेली, कापूस वेचणाऱ्या बायका, त्यातून रस्ता.

रात्री अवकाळी आला. तासभरच, पण चांगला दणकून.

सकाळी गौताळ्यात शिरलो. गेटवर नोंद केली, वनरक्षकानं सांगितलं की ठरलेला रस्ता सोडू नका, दुपारच्या आत बाहेर पडा, आणि स्पीकर लावायचा नाही. ते बरोबरच आहे, १९८६ साली अभयारण्य झालेलं जंगल आहे ते, पिकनिक स्पॉट नाही. पाऊस पडून गेलेला असूनसुद्धा आत रस्ता एकदम कडक होता. साग, अंजन, धावडा, मध्येच वानरांची टोळी, आणि टायरखाली ओल्या मुरमाचा तो करकर आवाज. मी सगळ्यांना टिपेश्वरच्या वाघाची गोष्ट सांगितली. यवतमाळ जिल्ह्यातून निघालेला वाघ चालत चालत इथवर आला आणि २०२१ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात दिसला. एवढं अंतर तो कसा आला असेल, तर शेतातून, नाल्यातून, रात्रीच्या पाणंदीतून. मॅडम म्हणाल्या, म्हणजे आपल्यासारखाच हायवे टाळत आला.

जंगलातून बाहेर पडून पठारावरच्या गावांतून अंतूर किल्ल्याच्या वाटेला लागायचं होतं. तिकडं निजामशाहीतला एक दगडी खांब आहे, त्यावर फारशीत कोरलंय की कुठल्या दिशेला कुठलं गाव. चारशे वर्षांपूर्वी वाटसरूंसाठी उभा केलेला बोर्डच तो, आणि मला तो प्रत्येक रायडरला दाखवायचा असतो. तर त्या वाटेवर एक पाणंद लागते, मी पंधरा दिवस आधी जाऊन बघून आलो होतो तेव्हा अख्खी मुरमाची होती. मधल्या काळात कुणीतरी पाइपलाइन टाकायला ती उकरली आणि वर शेतातली काळी माती लोटून दिली. वरून कोरडी दिसायची, खाली नुसता लगदा.

ज्यांनी काळीत सायकल घातली नाही त्यांना हे सांगून कळणार नाही. पहिल्या दहा फुटात टायर दुप्पट जाड होतं, पुढच्या दहा फुटात चाक फिरायचंच बंद होतं. फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दांडा, आणि टायरच्या मध्ये माती ठेचून बसते, त्यात मक्याचं पाचट अडकतं, ब्रेकमध्ये जाते, चेनमध्ये जाते. मी ओरडलो उतरा, पॅडल मारू नका, पण मॅडम पुढं होत्या आणि त्यांनी जोर लावलेला होता. कटकन आवाज आला. मागचा डिरेलर, म्हणजे चेन सरकवून गिअर बदलणारा भाग, मातीनं ओढला जाऊन स्पोकमध्ये घुसला आणि हँगर तुटला.

हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा अ‍ॅल्युमिनियमचा छोटा तुकडा. तो मुद्दाम नरम ठेवलेला असतो, मार बसला तर तो तुटावा आणि फ्रेम वाचावी. पण जवळजवळ प्रत्येक मॉडेलचा हँगर वेगळा, मॅडमच्या नव्या सायकलचा मागवलेला होता तो वेळेत आलाच नव्हता, आणि माझ्या पिशवीतला एकही बसेना.

शेजारच्या शेतात एक तात्या कापसाला बघत होते, ते आले.

"कुठून यायले तुम्ही? आन् काळीत कामून घुसले? आज ट्रॅक्टर बी येत नाही हितून."

काड्यांनी माती काढत होतो ते बघून त्यांनी घरच्यांना हाक मारून खुरपं मागवलं. खुरप्याचं टोक फोर्कच्या आत घालून त्यांनी एका दमात विटेएवढा ढेकूळ बाहेर काढला. पाणी टाकू नका म्हणाले, अजून चिकटती, अर्धवट वाळू द्या मग सोलून निघती. अगदी बरोबर. काळी भिजली की फुगते, ती पाण्यानं धुवायला गेलं की नुसती पसरते.

तोवर मी बांधावर बसून मॅडमची सायकल एका गिअरवर आणायला घेतली. डिरेलर काढून टाकला, चेन कटरनं पिन ढकलून चेन तोडली, मग चेन अशी बसवायची की पुढच्या चकतीपासून मागच्या कॅसेटवर, म्हणजे चाकावरच्या दात्यांच्या चकत्यांवर, एकदम सरळ रेषेत जाईल. जरा तिरकी राहिली तर ती आपोआप मोठ्या दात्यांवर चढते आणि ताण येऊन तुटते. पुढं ४० दाते, मागं मधली २१ ची, तिथं रेष सरळ मिळाली. कड्या मोजून काढल्या, क्विक लिंक, म्हणजे चेन जोडायची सुटी कडी, लावली, वाकलेले स्पोक हातानंच सरळ केले. चेन थोडी सैल होती, पण चालली. मॅडम बाजूला बसून प्रत्येक गोष्ट विचारत होत्या, ही पिन पूर्ण का काढत नाही, कडी किती ढिली चालते. असं बारकाईनं बघणारं माणूस मिळालं की काम करायला मजा येते.

पुढचा प्रश्न रस्त्याचा. मोबाईलचा नकाशा सरळ पुढं जा म्हणत होता, म्हणजे अजून काळी. तात्यांनी हातातल्या खुरप्यानं वर दाखवलं.

"तो माळ दिसतो का, जिथं बोरीची झुडपं हायेत? शेताच्या कडंनी सायकली उचलून तिथवर न्या. वर मुरूम हाये, त्याला पाऊस लागत नाही. गुरांची वाट धरा, देवळापासून डांबरी लागंल."

मला हे सगळं पुस्तकी माहीत आहे, की मुरूम आणि काळी दोन्ही एकाच कातळातून निघालेली, उंचावर अर्धवट झिजलेला तो मुरूम आणि सखल भागात पार बारीक होऊन साचलेली ती काळी. पण कुठल्या बांधापाशी एक संपते आणि दुसरी सुरू होते हे त्या गावच्या माणसालाच ठाऊक, सॅटेलाइटच्या फोटोत ते दिसत नाही. सायकली खांद्यावर घेऊन चढलो, काकांची सायकल तात्यांच्या पोरानं घेतली. वर पोचलो आणि खरंच, खडखडीत वाट. मॅडम एका गिअरवर सगळ्यांच्या पुढं. चढाला उतरून ढकलायच्या, उताराला पाय फिरवून उपयोग नाही म्हणून नुसत्या सोडून द्यायच्या.

खांबापर्यंत पोचायला चार वाजले. किल्ल्यावर जायला वेळ उरला नाही, पण खांबाच्या चारी बाजूंनी सगळे फिरले, अक्षरांवरून हात फिरवू नका म्हणून मी सांगितलं, कारण आधीच झिजलीत. काकांनी विचारलं, याच्यावर आपल्या पाणंदीबद्दल काही लिहिलंय का, आणि अख्खा ग्रुप हसला. अंधार पडता पडता कन्नड. मॅडमना टेम्पोत बसा म्हणून मी दोनदा म्हणलं, त्या काही बसल्या नाहीत.

तात्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. आता त्या भागात राईड काढायच्या आधी मी त्यांना फोन करतो. मागच्या आठवड्यात म्हणाले, पाणंदीवर नवा मुरूम पडलाय पण दाबला नाही अजून, चार दिवस ट्रॅक्टर फिरू द्या, मग या.