चहापुरतं दूध

"माझ्यासाठी वेगळं कशाला, चहात पडतंच की दूध!" सकाळी नाशिकच्या गंगापूर रोडला डेअरीच्या लाईनीत शेजारच्या काकू म्हणाल्या. पिशवीत दीड लिटर. नातवाला ग्लासभर, काकांना झोपताना हळद घालून, उरलेल्याचं विरजण. आणि ह्यांच्या वाट्याला चहातलं चार चमचे. ते डोक्यातून जाईचना.

पाळी थांबली की इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी होतं नि हाडं झपाट्याने विरळ व्हायला लागतात, म्हणून तर आयसीएमआरने (वैद्यकीय संशोधन करणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये या वयातल्या बायकांना रोज १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम सांगितलंय, बाकी मोठ्या माणसांना १०००. चहातल्या दुधातून येणार किती, कपाला ६०-७०?

बरं, दूधच पाहिजे असंही नाही. पेठ-सुरगाण्याची नागली (नाचणी) आहे ना आपल्याकडे, १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलीग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तीळ तर त्याहून भारी, पण ते संक्रांत झाली की डब्याच्या तळाशी (आमच्याकडेही तेच).

काकूंना म्हटलं, नागलीची भाकरी करा की. तर म्हणतात, "ह्यांना आवडत नाही गं, एकटीसाठी कुठे थापत बसू?"

तुमच्या घरी एकटीसाठी काही बनतं का हो?