शिवण कुठे घ्यायची?

घनाकृती उलगडून सपाट करायचं किचकट काम आता संगणक करतो. ब्लेंडर या त्रिमिती आकृत्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यासाठी ॲड-ऑन (वरून जोडायची सोय) आहे, आणि पेपाकुरा हे जपानी सॉफ्टवेअर तर जन्मलंच या कामासाठी. एक बटण दाबलं की आकृतीची घडण, म्हणजे तिचा सपाट उलगडा, कागदावर पसरते, शाळेत घनाची काढायचो तशी. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्ट ड्यूररने १५२५ सालीच अशा घडणी पुस्तकात छापल्या होत्या. तरी प्रत्येक बहिर्वक्र बहुफलक (सपाट बाजूंचा, कुठेही आत न दबलेला आकार) नुसता कडांवर कापून, कुठलाही भाग दुसऱ्यावर न चढता, एकसंध उलगडतोच का, हा गणितज्ञ शेफर्ड यांनी १९७५ मध्ये मांडलेला प्रश्न अजून सुटलेला नाही. (गणितज्ञही कागदापुढे अडतात, याचं मला उगाच बरं वाटतं.)

माझं काम कंदिलाचं. १८ चौरस, ८ त्रिकोण. आपल्या जुन्या कामट्यांच्या आकाशकंदिलाच्या कुळातलाच आकार. त्याला ४८ कडा. एकसंध उलगडायचा तर कसाही उलगडा, २५ कडांवर घडी येते आणि २३ जोडाव्या लागतात. त्या २३ कोणत्या, एवढंच आपल्या हातात. संगणक त्या निवडतो ते त्याच्या हिशेबाने, आणि तिथेच माझं त्याच्याशी पटत नाही. चांगला शिंपी शिवण कापड वाचतं तिथे घेत नाही, नजर जात नाही तिथे घेतो.

शाई संपलेल्या बॉलपेनने पट्टी धरून घडीच्या रेघा दाबून घ्यायच्या, म्हणजे कार्डशीट फाटत नाही. मग एकेक जोडपट्टी (जोडायच्या कडेला डिंकासाठी सोडलेली पट्टी) चिकटवत जायचं. शेवटचा चौरस लावताना आतून दाबायला बोट पोचत नाही, म्हणून तो तळाचाच ठेवावा; बल्बसाठी तिथे भोक लागणारच असतं. शिवाय कागदाची जाडी प्रत्येक घडीत थोडी थोडी खाल्ली जाते आणि शेवटच्या जोडाला फट होऊन वर येते. पडद्यावरच्या पृष्ठभागाला जाडीच नसते, त्यामुळे तिथे सगळं तंतोतंत जुळलेलं.

खरी गंमत दिवा लावल्यावर. जिथे जोडपट्टी आहे तिथे कागद दुहेरी, म्हणून काळपट पट्टा उमटतो. पुढच्या अंगाला असे चार पट्टे आले की कंदील ठिगळं लावल्यासारखा दिसतो. मग सुचतं, पट्ट्या लपवायच्याच कशाला? चौरसाच्या कडेची जोडपट्टी शेजारच्या त्रिकोणाएवढी पूर्ण करून त्याच्या मागे चिकटवली, तर अख्खा त्रिकोण मंद होतो आणि चौरस उजळतात. आयती नक्षी. ही कल्पना रेंडर, म्हणजे संगणकाने काढलेलं कंदिलाचं चित्र, बघून सुचली नसती, कारण रेंडरमध्ये जोडपट्टी नसतेच.

गिऱ्हाइकाला मी हल्ली रेंडर पाठवत नाही. कागदी नमुन्यात बल्ब लावून त्याचा फोटो पाठवतो. भाव नंतर ठरतो.