एटीव्ही पिकअपमध्ये चढवायची असेल तर आधी जागा बघा

मुळशीच्या बाजूला आमचं छोटंसं कृषी पर्यटन आहे, शनिवार-रविवार पुण्यातून लोक येतात, जेवतात, मुलं शेतात हुंदडतात, आणि फिरवायला आमच्याकडे दोन एटीव्ही (जाड टायरच्या, शेतातून-रानातून चालणाऱ्या चारचाकी बाइक) आहेत. वर्षातून तीन-चार वेळा तरी त्यातली एखादी सर्व्हिसिंगला वारज्याला न्यावी लागते आणि ती न्यायची म्हणजे पिकअपमध्ये घालूनच, कारण नंबर प्लेट नाही, आणि रजिस्ट्रेशन नसलेलं वाहन रोडवर आणता येत नाही, १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ३९ मध्ये तसं स्पष्ट आहे. म्हणजे चढवणं-उतरवणं आलंच. मी हे सगळं आज लिहितेय कारण गेल्या महिन्यात ओळखीतल्या एकांनी नवीन एटीव्ही घेतली आणि मला फोन करून विचारलं, वहिनी तुम्ही ती गाडीत कशी चढवता हो, दोन फळ्या लावल्या की होतं ना? आणि फळ्या हा शब्द ऐकून माझ्या पोटात गोळाच आला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. जून, पाऊस नुकताच सुरू झालेला. घराच्या स्लॅबच्या वेळच्या सेंटरिंगच्या फळ्या पडून होत्या, साधारण पाच फुटांच्या, जाड, मजबूत. त्याच दोन फळ्या पिकअपच्या मागे टेकवल्या. माझे दीर एटीव्हीवर बसले आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही फक्त डाव्या फळीच्या खालच्या टोकावर पाय ठेवून उभ्या राहा, हलली नाही पाहिजे." मी राहिले उभी. पुढची चाकं हौद्यात गेली, मागची चाकं फळीच्या मध्यावर आली आणि गाडी तिथे अडली, म्हणून भावजींनी ॲक्सिलरेटर जोरात दिला. माझ्या चपलेखाली फळी मागे सरकताना मला स्पष्ट जाणवली, आधी बोटभर, मग एकदम वीतभर, आणि वरचं टोक हौद्याच्या कडेवरून सुटलं. एटीव्ही डावीकडे कलंडत मागे आली. भावजी खाली, हात हँडलखाली. मनगटाजवळची दोन्ही हाडं मोडली, प्लेट टाकावी लागली. फळी माझ्या नडगीच्या शेजारी आपटली, जरा इकडे असते तर माझाही पाय गेला असता.

आमची मोठी एटीव्ही तीनशे किलोच्या वर आहे. एवढं वजन जे फळीवर येतं ते कुणाच्या पायाने दाबून धरण्यासारखं नसतं, आणि ते धरायला माणूस उभा करणं हीच सगळ्यात मोठी चूक, कारण फळी सुटली तर पहिली त्याच माणसाला लागते. म्हणून आमच्याकडे आता नियम आहे, एटीव्ही चढत-उतरत असताना मागे किंवा रॅम्पच्या बाजूला कुणीही उभं राहायचं नाही. मुलं तर लांब ओसरीवर.

नंतर मी शांतपणे विचार केला की झालं काय. एक तर फळी नुसती टेकवलेली होती, भिंतीला शिडी लावतो ना तशी. शिडीवर वजन आलं की तिचा पाय बाहेर सरकायला बघतो, तसंच हे, आणि त्यात एकदम ॲक्सिलरेटर दिला की चाकं फळीला मागे ढकलतात, गाडी पुढे जायच्या ऐवजी फळीच मागे जाते. दुसरं म्हणजे चढ. आमच्या पिकअपचा हौदा जमिनीपासून दोन फूट आठ इंच, मी टेप लावून मोजलाय. पाच फुटी फळीवर तो चढ ३२ अंशांचा होतो. आठ फुटी रॅम्प घेतला की साडेएकोणीसवर येतो. आणि आठ फुटी रॅम्प ठेवून पिकअपची मागची चाकं आठ इंच खोल जागेत उतरवली तर साडेचौदा. म्हणजे गाडी तीच, चालवणारा तोच, फक्त रॅम्प लांब घेतला आणि जागा बदलली तर चढ निम्म्याहून कमी.

म्हणून मी सगळ्यांना हेच सांगते की चालवण्यापेक्षा जागा महत्त्वाची. चढायला दहा सेकंद लागतात, जागा शोधायला अर्धा तास लागला तरी द्या. शेतरस्त्याच्या कडेला पाण्याची चर असते, ती उथळ आणि कोरडी असेल तर पिकअप रिव्हर्स घेऊन मागची चाकं त्यात सोडा आणि रॅम्पचं खालचं टोक पलीकडच्या उंच कडेवर टेकवा. बांध असेल तर पिकअपचा मागचा भाग बांधाला लावा. पण पावसाळ्यात भातखाचराच्या बांधावर हे मुळीच करू नका, वरून घट्ट दिसतो आणि वजन आलं की खचतो, जमीन मुरमाचीच पाहिजे. आणि पिकअप आडवी कललेली नको, डावं-उजवं सपाट असलंच पाहिजे, नाहीतर एक चाक आधी उचलतं.

आम्ही तर शेवटी जेसीबी आलेलाच होता तेव्हा फाटकाजवळ मुरमाचा एक छोटा मालधक्का करून घेतला, स्टेशनवर असतो ना तसा, पिकअपच्या हौद्याएवढा उंच, पुढच्या बाजूने दगड रचलेले, मागून लांबलचक उतार. पिकअप मागे आणायची, "येऊ द्या, येऊ द्या, बास" म्हणायचं, मधल्या फटीवर जाड लोखंडी पत्रा टाकून तो हौद्याला बांधायचा, आणि एटीव्ही सरळ आत. ज्यांच्याकडे जागा आहे त्यांनी हे कराच, ट्रॅक्टरचं सामान, खताच्या गोण्या, म्हशी, सगळ्याला कामाला येतो.

पण वारज्याला गॅरेजसमोर धक्का नाही, तिथे रॅम्पच लागतो. आम्ही फॅब्रिकेशनवाल्याकडून दोन लोखंडी रॅम्प करून घेतले, आठ फुटी, मध्ये किंचित कमान दिलेले, कारण सरळ रॅम्प आणि हौदा यांच्या कोपऱ्यावर एटीव्हीचं पोट घासतं आणि गाडी तिथे अडकली की माणूस घाबरून जोर देतो, आमचं तेच झालं होतं. वर आडव्या पट्ट्या वेल्ड केल्यात म्हणजे चाक घसरत नाही. वरच्या टोकाला खाली वळवलेला ओठ आहे, तो हौद्याच्या कडेत बसतो. इथे एक गोष्ट, फाळका (हौद्याचं मागचं झडप) साखळीवर आडवा ठेवून त्यावर रॅम्प टेकवू नका, सगळं वजन त्या दोन साखळ्यांवर आणि बिजागऱ्यांवर येतं, साखळी काढून फाळका पूर्ण खाली सोडा आणि रॅम्प हौद्याच्या कडेवरच घ्या.

आणि ओठ आहे म्हणून बांधायचं नाही असं अजिबात नाही. प्रत्येक रॅम्पला वरच्या बाजूला कडी आहे, त्यातून रॅचेट बेल्ट (दात्यांच्या खटक्याने आवळायचा पट्टा) घालून तो पिकअपच्या चासीला आवळायचा, बंपरला नाही. आवळून झाला की खालचं टोक दोन्ही हातांनी धरून जोरात मागे ओढायचं. जरा जरी आलं तरी परत आवळा. मी तीनदा ओढते. दोन रॅम्पमधलं अंतर एटीव्हीच्या चाकांच्या मध्याएवढं, त्यासाठी हौद्याच्या कडेला ऑइलपेंटने खुणा केल्यात म्हणजे दरवेळी अंदाज नको.

पिकअप गिअरमध्ये, हँडब्रेक ओढलेला, पुढच्या चाकांना पुढून-मागून दगड. दगड का, तर एटीव्हीची पुढची चाकं हौद्याच्या कडेवर चढताना पिकअपला पुढे धक्का बसतो, आणि मागे वजन आलं की पाटे (मागचे स्प्रिंग) दबून हौदा खाली बसतो, पुढची चाकं हलकी होतात. पावसात एटीव्हीच्या टायरच्या नक्षीत चिखल भरलेला असतो, तो पाइप मारून आणि काडीने कोरून काढल्याशिवाय रॅम्पवर लावायची नाही.

चढवायचं कसं. आम्ही आता बसून चढवत नाही, हँड विंचने (हाताने दांडा मारून तार गुंडाळायचं यंत्र) ओढतो. हौद्याच्या पुढच्या टोकाला फ्रेमला विंच बांधलाय (केबिनमागच्या जाळीला नाही, ती ओढायला केलेली नसते), हुक एटीव्हीच्या पुढच्या फ्रेमला, आणि पिकअपच्या बाजूला उभं राहून कटकट कटकट करत दांडा मारायचा. वेळ लागतो, दहा-बारा मिनिटं, पण अंगावर येण्यासारखं काही नसतं. तारेच्या रेषेत मात्र उभं राहू नका, तार तुटली तर चाबकासारखी येते. विंच नसेल आणि बसूनच न्यायची असेल तर हेल्मेट घाला, लो गिअर, फोर व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना जोर) असेल तर ती टाका, अंग पुढे हँडलवर झुकवा कारण चढावर सगळं वजन मागे जातं आणि पुढचं हलकं होऊन गाडी उलटी अंगावर येते. ॲक्सिलरेटर एकसारखा, हळू. मध्ये अडली तर जोर द्यायचा नाही, ब्रेक धरून तसंच सावकाश मागे खाली यायचं आणि रॅम्प नीट लावून परत.

आत गेली की पार्किंग ब्रेक, पेट्रोलचा कॉक असेल तर बंद, आणि चार कोपऱ्यांना चार बेल्ट, पुढचे दोन पुढे, मागचे दोन मागे ओढलेले, फ्रेमला, हँडलला किंवा प्लास्टिकला नाही. सस्पेन्शन थोडं दबेल एवढे आवळायचे म्हणजे खड्ड्यात ढिले पडत नाहीत. बेल्टवर दोन आकडे असतात, एक तुटण्याचा आणि एक कामाचा, कामाचा साधारण तुटण्याच्या एक तृतीयांश असतो, तोच बघून घ्या. नायलॉनची दोरी नको, ती ताणते. फाळका लावून निघायचं, एटीव्ही लांबीला मावत नसेल तर मोठी गाडी बोलवा, माल ठरलेल्या मर्यादेबाहेर आला तर २०१९ च्या सुधारणेपासून वीस हजार दंड आहे. आम्ही पिरंगुटचा घाट लागायच्या आधी एकदा थांबतो आणि चारही बेल्ट हाताने बघतो, दरवेळी एखादा तरी अजून दोन दाते आवळला जातोच.

उतरवताना लोक निष्काळजी होतात, आणि मला उतरवणंच जास्त भीतीचं वाटतं. गाडी मागे मागे उतरते, आणि ऑटोमॅटिक गाडीत ॲक्सिलरेटर सोडला की बऱ्याचदा इंजिन चाकांना धरून ठेवत नाही, नुसती घरंगळते. घाबरून एकदम ब्रेक दाबला तर पुढचं उचलतं. म्हणून विंच जोडलेलाच ठेवून दाता-दाता सोडायची. गॅरेजच्या गल्लीत तर मागून एक माणूस फक्त रहदारी थांबवायला लागतो, रॅम्पच्या टोकापासून चांगला वीस फूट लांब, कारण दुचाकीवाल्यांना दिसत नाही की रॅम्पवर काय चाललंय, ते फुटभर जागा दिसली की तिथून निघतात. गल्लीत गर्दी असेल तर आम्ही दुपारी दोनला जातो, त्या वेळी जरा शांत असतं.

परवा भावजी बऱ्याच दिवसांनी माझ्याबरोबर आले होते. मनगट आता चालतं, थंडीत दुखतं. मी रॅम्प बांधून बाजूला झाले तर ते वाकले, डाव्या रॅम्पचं खालचं टोक दोन्ही हातांनी धरलं आणि ओढलं. मग उजव्याचं. मग परत डाव्याचं. आणि मला म्हणाले, "वहिनी, तुम्ही आधी तिकडे लांब व्हा, मग मी दांडा हातात घेतो."