स्टॉइक वाचून इगो गेला का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. स्टॉइक म्हणजे मन ताब्यात ठेवायला शिकवणारे प्राचीन ग्रीक-रोमन तत्त्वज्ञ. भोसरीतल्या चहाच्या टपरीवर, साडूच्या घरी, सीएच्या ऑफिसातही हाच प्रश्न : "ते स्टॉइक वगैरे वाचता ना, मग इगो गेला का?"

नाही गेला.

"मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट होता, त्याला काय जातंय बोलायला," असंही ऐकवता. पण मी वाचतो तो दुसरा स्टॉइक, एपिक्टेटस, गुलाम म्हणून जन्मला. आपली मतं, आपल्या इच्छा आपल्या हातात. शरीर, मालमत्ता, लौकिक, पद नाही, इथूनच त्याची शिकवण सुरू होते. मला ती तोंडपाठ होती. तरी व्हायचं ते झालंच.

उद्योजकांचा मेळावा होता. खुर्च्यांना पांढरी कव्हरं, पाठीवर चिकटपट्टीने लावलेली नावं. मी नाव न बघताच पहिल्या रांगेत बसलो. वर्षानुवर्षं तिथेच बसत आलो होतो. हातात यादी घेतलेली मुलगी आली. "सर, जरा मागे बसता का?" उठून वळलो, तर चिठ्ठीवर माझ्या जुन्या ऑपरेटरचं नाव. हा मुलगा माझ्याच गाळ्यात मापाचं व्हर्निअर धरायला शिकला. तेवढ्यात तो आलाच. वाकून पाया पडला, म्हणाला, "सर, तुम्हीच बसा ना." मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "बस बस. आता तू मोठा माणूस." दोघं-तिघं हसले. त्याचा चेहरा उतरला. मी जेवायला थांबलो नाही.

तीन महिन्यांत कर्ज काढून दुसरं व्हीएमसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं धातू कापायचं मशीन, घेतलं. ऑर्डर हातात नव्हती, एका पार्टीचा नुसता शब्द होता. त्या जुन्या ऑपरेटरकडे चार मशीनं आणि माझ्याकडे एक, हे खरं कारण. बायकोला सांगितलं, कपॅसिटी वाढवतोय. ऑर्डर आली नाही. हप्ते थकायला लागले आणि दिवाळीनंतर दोन मुलांना कामावरून कमी केलं. त्यातल्या एकाने शेवटच्या दिवशी सगळे पाने पुसून, मापाप्रमाणे लावून ठेवले आणि मग तो गेला.

"ऑर्डर माझ्या हातात नव्हती," असं मी बरेच दिवस म्हणायचो. मग कर्जाच्या कागदावरची सही कोणाच्या हातात होती?

एपिक्टेटस म्हणतो, मेजवानीला तुला बोलावलं नाही? लेट्यूस एका ओबोलला, म्हणजे एका छोट्या ग्रीक नाण्याला, मिळतं. ज्याने ओबोल दिला त्याने लेट्यूस नेलं. तू दिला नाहीस, तर ओबोल तुझ्याकडेच आहे. आणि मेजवानीचा ओबोल म्हणजे यजमानाची स्तुती. हे वाचून मला फार बरं वाटायचं. त्या ऑपरेटरने हांजी हांजी केली असेल, मी केली नाही! पण ते खरं नव्हतं. त्याने रात्रपाळ्या मोजल्या होत्या. मी 'परवडत नाही' म्हणून परत केलेले जॉब त्याने मापात बसवून दिले होते. मी एपिक्टेटसचं पांघरूण माझ्या मत्सरावर घातलं.

मग उपयोग काय, हे विचाराल. आता मोठा खर्च करताना स्वतःला विचारतो, हे कोणालाच कळणार नसेल तरी करीन का? दोनदा 'नाही' आलं, दोन्ही वेळा थांबलो. मुलगा म्हणतो, "बाबा, ईर्षा नसती तर गाळाच उभा राहिला नसता." त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मेळाव्याला गेलो तर अजूनही आधी खुर्च्यांवरची नावं वाचतो.

आणि 'आता तू मोठा माणूस' या वाक्याबद्दल त्या ऑपरेटरची माफी मी अजून मागितलेली नाही. नंबर आहे माझ्याकडे.