सोमवारची पोटदुखी

आमच्या घरी पोटदुखी सोमवारी येते. बुधवारी पी.टी.चा तास असतो, त्या दिवशी ती फिरकत नाही. म्हणून ती खोटीच असं मात्र मी म्हणणार नाही. गणिताच्या बाईंच्या धाकानेही पोरांचं पोट खरोखर दुखतं. फक्त त्यावर ओवा चालत नाही.

तापाचं त्या मानाने सोपं. काटा 100.4 फॅरेनहाइटवर गेला की डॉक्टरांच्या लेखी तो ताप, आणि औषध न देता 24 तास उतरलेला राहिला की मग शाळा. गोम त्या ‘औषध न देता’मध्ये आहे. सकाळी पॅरासिटामॉलचं सिरप पाजून पोराला रिक्षात बसवायचं, हा उद्योग आमच्या सोसायटीत कोणी कबूल करत नाही. पण सिरपचा जोर चार-सहा तासांचा. मोठी सुट्टी संपता संपता शाळेतून फोन येतो आणि तोवर बाकावरच्या दोघांना प्रसाद वाटून झालेला असतो. वर वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला स्नेहसंमेलनात बक्षीस! ते आधी बंद करा.

नुसत्या वाहत्या नाकासाठी मी घरी ठेवत नाही, नाहीतर अख्खा पावसाळा घरीच जाईल. शेंबूड हिरवा झाला तरी लगेच अँटिबायोटिक लागतं असंही नाही. उलटी-जुलाब, अंगावर पुरळ, डोळे आलेले असले तर मात्र वाद नको. 2023च्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ आली तेव्हा काळे गॉगल लावून पोरं वर्गात हजर होती. साथ काही बघण्याने पसरत नाही. डोळे चोळलेले हात आणि एकच रुमाल पुरतो.

थर्मामीटरपेक्षा माझा भरवसा मोज्यांवर. बरी असली की लेक मोज्यांवरून भांडते, टाच वर आली, शिवण टोचते. ज्या दिवशी ती मुकाट्याने पाय पुढे करते आणि मी मोजा चढवेपर्यंत भिंतीला डोकं टेकून बसते, त्या दिवशी काटा 99 दाखवत असला तरी मी रिक्षावाल्या काकांना ‘आज नको’ कळवून टाकते.

मग रजा कोणी घ्यायची, हा खरा आजार. तिच्या बाबाची मीटिंग नेमकी त्याच दिवशी असते, आणि माझ्या सीएल गौरी-गणपतीतच संपलेल्या असतात.