सत्तर रुपयांचा पोस्टमन

नोव्हेंबर २०२२ ची गोष्ट. मुलं परदेशात आणि आईवडील पुण्यात, अशा घरांसाठी मी आणि माझा मावसभाऊ एक ऑनलाइन सेवा सुरू करणार होतो. महिन्याचे अडीच हजार मुलानं तिकडून भरायचे आणि इकडे आमचा माणूस बिलं, बँक, औषधं, पेन्शनरांचा हयातीचा दाखला असं सगळं बघणार. वेबसाइट अर्धी झाली होती, ती करणाऱ्याला चाळीस हजार आगाऊ देऊन झाले होते. अंदाज घ्यायचा म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर गुगल फॉर्म फिरवला, तर शंभरावर उत्तरं आली आणि बहुतेकांचं म्हणणं 'नक्की घेऊ'. भाऊ खूश. मला मात्र खटकत होतं की उत्तरं देणारे सगळे न्यू जर्सी नाहीतर सिंगापूरचे. पुण्यातल्या एकाही म्हाताऱ्या माणसाला आम्ही काही विचारलंच नव्हतं.

म्हणून एका मंगळवारी कोथरूडला निघाले. सहा घरं, सगळी ओळखीतून मिळालेली.

पहिलं घर मयूर कॉलनीत. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकू, महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. मी छापील प्रश्नावली वाचायला लागले. अशी सेवा मिळाली तर वापराल का?

"हो गं, छानच की. चहा घेशील ना?"

पुढच्या दोन प्रश्नांनाही तेच. घरी आलेल्या पोरीला नाही कसं म्हणायचं! मी आपली खुणा करत होते, तेवढ्यात बेल वाजली.

दारात पोस्टमन. टपाल द्यायला नव्हे, हयातीचा दाखला करायला आला होता. इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेकडून हे काम २०२० पासून घरपोच होतं, याचा मला पत्ताच नव्हता, आणि मी त्याच कामाचे पैसे मागायला निघाले होते. काकूंच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या, यंत्र काही ठसा घेईना. हात धुऊन झाला, पदराला पुसून झाला, दुसरं बोट लावून झालं. शेवटी त्यानं मोबाइलच चेहऱ्यासमोर धरला.

"आजी, डोळे मिचकवा."

झाला दाखला, वर्षभराची निश्चिंती. सत्तर रुपये, आणि वर दिवाळीतल्या उरलेल्या चकल्या.

तो गेल्यावर मी प्रश्नावली पिशवीत टाकली. "काकू, गेल्या महिन्यात कुणाला काय काम सांगितलंत? किती दिलेत?"

काकू उठल्या आणि हिशेबाची वही घेऊन आल्या. विजेचं बिल शेजारच्या मुलाने मोबाइलवरून भरलेलं. औषधं मेडिकलवाला पाठवतो. बँकेत जायला ठरलेला रिक्षावाला, त्याचे येऊन-जाऊन दीडशे. आमच्या यादीतलं एकेक काम त्या वहीत आधीच कुणीतरी उरकलेलं होतं. पानं उलटता उलटता एका ओळीवर बोट थांबलं: 'डोळ्यांचे डॉक्टर – तपासणी'. जूनमधली नोंद होती.

"मोतीबिंदू काढायला सांगितलाय. पण सोबत माणूस हवा म्हणाले. कुणाला दिवसभर अडकवायचं?"

"आणि दादाला सांगितलंत?"

"त्याला कशाला? उगाच तिकीट काढून येईल."

म्हणजे फॉर्म भरणाऱ्या मुलाला जे माहीतच नव्हतं, तेच नेमकं काकूंचं अडलेलं काम होतं.

डहाणूकर कॉलनीतल्या आजोबांनी तर जाळीच्या दारातूनच परतवलं. अनोळखी माणसाला घरात घ्यायचं नाही, असं सोसायटीच्या बैठकीत पोलिसांनीच बजावलं होतं म्हणे. बरोबरच होतं त्यांचं. उरलेल्या चार घरांपैकी तिघांत मात्र दवाखान्याची अशीच काहीतरी खोळंबलेली फेरी निघाली.

रात्री भावाशी जोरदार भांडण झालं. सहा घरांवरून धंदा ठरवतात का, हा त्याचा मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. पण त्या शंभरात पैसे आधी भरणारा एक तरी निघतो का बघू, असं ठरलं. भावाने सगळ्यांना पैसे भरायचा दुवा पाठवला. आठवड्यात दोघांनी भरले, त्यातला एक आमचाच आतेभाऊ. वेबसाइट थांबवली. चाळीस हजार गेले ते गेलेच.

डिसेंबरात काकूंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी बाहेर त्यांची पिशवी, चष्मा आणि फाइल सांभाळत बसले होते. घरी सोडल्यावर त्यांनी सहाशे रुपये मोजून दिले आणि मलाच वहीत लिहायला लावलं, 'सोबत – ६००'.

मग पट्टी नसलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत विचारलं, "डाव्या डोळ्याच्या वेळी काही कमी करशील ना गं?"